विमान एकाचें, आसन दुसऱ्याचें

अर्जेंटिना देशाच्या अटलांटिक किनाऱ्यावर बाहिया ब्लांका नांवाचें बंदर आहे. त्या बंदराजवळ कोमांदांते एस्पोरा हा त्या देशाच्या नौदलाचा विमानतळ. २०१९ सालच्या मे महिन्यांत फ्रान्सकडून विकत घेतलेलीं पांच लढाऊ विमानें अर्जेंटिनांत येऊन दाखल झालीं व या विमानतळावर ठेवण्यांत आलीं. विमानांची जात सुपर एतांदार. तीं नवीं नव्हतीं. फ्रेंच नौदलानें पुष्कळ वर्षें वापरून निवृत्त केलेलीं होतीं. तथापि मधल्या काळांत त्यांच्यांत बऱ्याच सुधारणा झालेल्या होत्या, आणि याच जातीचीं विमानें चालविण्याचा अर्जेंटिनाच्या नाविक वैमानिकांना तीन तपांचा अनुभव होता. २०१८ च्या अखेरीस ब्युनोस आयरेस येथें वीस राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद भरावयाची होती. तिच्या संरक्षणासाठीं हीं विमानें घ्यावयाचीं ठरलें होतें. परिषद होऊन गेली, विमानें मागाहून आलीं, आणि आल्यावरहि तीं सेवेंत उतरलीं नाहींत. वैमानिक ज्या आसनावर बसतो, त्या आसनांत कांहीं काडतुसें असतात. त्यांची मुदत संपलेली होती, आणि नवीं काडतुसें ज्या देशांतून यावयाचीं तो देश होता इंग्लंड.

विमान फ्रेंच, मालक अर्जेंटिनी, किंमत रोख मोजलेली. आणि उडूं देणें वा न देणें मात्र तिसऱ्याच्याच हातीं. व्यवहाराचा हा प्रकार ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. परंतु आजच्या युद्धसाहित्याच्या व्यापारांत तो अपवाद नसून बहुतेक नियमच होऊन बसलेला आहे.

तें आसन म्हणजे नुसती बैठक नव्हे. वेगवान विमान हवेंत निकामी झालें तर वैमानिकास पूर्वीसारखें कठड्यावर चढून छत्रीनिशीं उडी घेतां येत नाहीं. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाबच त्याला जागच्या जागीं खिळवून ठेवतो. म्हणून त्याच्या बैठकीलाच एक लहानशी तोफ जोडलेली असते. मूठ ओढतांच डोक्यावरील काचेचें झांकण उडून जातें, काडतुसें पेटतात, आसन रुळांवरून वर फेकलें जातें, खालचें रॉकेट त्याला विमानापासून दूर नेतें, आणि हवाई छत्री आपोआप उघडते. हें सर्व दोनचार सेकंदांत. आतां दारू ही वस्तु अशी आहे कीं, ती कालांतरानें बिघडते. घरांतील औषधाच्या बाटलीवर जशी तारीख असते तशी प्रत्येक काडतुसावर असते. ती उलटली कीं काडतूस बदलल्यावांचून उड्डाण करावयाचें नाहीं, असा सर्व हवाई दलांचा दंडक आहे. जें साधन आयुष्यांत बहुधा एकदांच वापरावयाचें, आणि तेंहि मृत्यु समोर उभा असतां, त्याच्या बाबतींत कोणी धोका पत्करीत नाहीं.

मग दुसऱ्या कोणाचें आसन कां बसवूं नये? ही शंका रास्त आहे. परंतु आसन बदलणें म्हणजे घरांतील खुर्ची बदलणें नव्हे. त्याचे रूळ, त्याचें वजन, झांकण उडण्याची वेळ, वैमानिकाचे गुडघे बाहेर पडतांना कोठें आदळतील याचा हिशेब, हें सारें त्या एका विमानाशीं जुळवून घ्यावें लागतें. आणि मग रॉकेटनें ढकललेल्या गाड्यावर पुतळे बसवून पुन्हां पुन्हां चांचणी घ्यावी लागते. पांच जुन्या विमानांसाठीं एवढा खटाटोप कोण करणार?

हीं आसनें बनविणाऱ्या ब्रिटिश कंपनीचें नांव मार्टिन-बेकर. तिची कथा थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. जेम्स मार्टिन हा यंत्रज्ञ आणि व्हॅलेंटाइन बेकर हा वैमानिक अशा दोघां मित्रांनीं १९३४ सालीं ती काढली, आणि ती काढली विमानें बांधण्यासाठीं. १९४२ च्या सप्टेंबरांत त्यांच्या एका नव्या लढाऊ विमानाची चांचणी घेत असतां एंजिन बंद पडलें व बेकर मृत्युमुखीं पडला. मित्राच्या मरणाचा घाव मार्टिनच्या मनाला खोल लागला. विमानें बांधण्यापेक्षां वैमानिकाला वांचविण्याकडे त्याचें लक्ष वळलें. १९४६ च्या जुलै महिन्यांत बर्नार्ड लिंच नांवाच्या त्यांच्याच एका कामगारानें उडत्या मीटिऑर विमानांतून स्वतःला बाहेर फेकून घेऊन हें आसन माणसाला जिवंत खालीं आणतें हें सिद्ध केलें. लंडनच्या पश्चिमेस डेनहॅम या गांवीं असलेल्या या कारखान्याच्या आसनांनीं आजवर साडेसात हजारांहून अधिक वैमानिकांचे प्राण वांचविले आहेत. पूर्वेकडील, पश्चिमेकडील, एकमेकांचे मित्र असलेल्या आणि नसलेल्या, अशा कित्येक देशांच्या विमानांत तीं बसविलेलीं आहेत.

त्यांत अर्जेंटिनाहि होता. १९८२ सालीं फॉकलंड बेटांसाठीं, ज्यांना अर्जेंटिनांत माल्विनास म्हणतात त्या बेटांसाठीं, दोन्ही देशांचें युद्ध झालें. त्या मे महिन्याच्या २१ तारखेस ब्रिटिश सी हॅरियर विमानांनीं अर्जेंटिनाचीं अनेक डॅगर विमानें पाडलीं. त्यांतील कित्येक वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन वांचले. तीं आसनें मार्टिन-बेकरचींच होतीं. ब्रिटिश विमानानें पाडावें आणि ब्रिटिश आसनानें वांचवावें, असा तो योग होता.

परक्या पुरवठ्याचा चटका अर्जेंटिनाला त्याच युद्धांत बसलेला होता. त्या देशांतील लष्करी राजवटीच्या अत्याचारांमुळें अमेरिकेनें १९७७ सालापासूनच शस्त्रविक्री थांबविलेली होती. त्यामुळें अमेरिकन बनावटीच्या स्कायहॉक विमानांना सुटे भाग मिळण्याची मारामार होती. फ्रान्सकडे चौदा सुपर एतांदार विमानें मागविलेलीं होतीं. युद्धाला तोंड लागलें तेव्हां त्यांपैकीं पांच हातीं आलीं होतीं आणि त्यांच्यासाठीं हवेंतून सोडावयाचीं एक्झोसेट क्षेपणास्त्रेंहि पांचच होतीं. फ्रान्सनें पुढील पाठवणी रोखून धरली. या पांच अस्त्रांच्या बळावर ब्रिटिशांची शेफील्ड ही युद्धनौका व अटलांटिक कन्व्हेयर हें मालवाहू जहाज नष्ट झालें. आणखी पांच दहा असतीं तर युद्धाचें पारडें कोणीकडे झुकलें असतें, याचा वाद लष्करी इतिहासकार अजून घालीत असतात.

त्या अडीच महिन्यांच्या युद्धांत ६४९ अर्जेंटिनी व २५५ ब्रिटिश सैनिक कामास आले. इतकें रक्त सांडल्यावर इंग्लंडनें अर्जेंटिनाला शस्त्रें देऊं नयेत, यांत नवल कसलें? ज्याच्याशीं हद्दीचा तंटा चालू आहे अशा शेजाऱ्याला कोणी आपल्या घरची कुऱ्हाड उसनी देत नाहीं. पुढें दोन्ही देशांचे संबंध सुधारले व १९९८ सालीं निर्बंध कांहींसे सैल झाले; परंतु बेटांचा वाद पुन्हां तापल्यावर २०१२ च्या एप्रिलांत इंग्लंडनें ते आवळले. अर्जेंटिनाचें लष्करी बळ वाढेल अशा कोणत्याहि वस्तूस, अगदींच अपवादात्मक कारण नसेल तर, निर्यात-परवाना द्यावयाचा नाहीं असें ठरलें. २०१८ सालीं त्यांत थोडी सवलत मिळाली, परंतु लढाऊ विमानांच्या भागांचें दार बंदच राहिलें. या नियमांतील खोंच अशी कीं, तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर संपत नाहीं. ब्रिटिश भाग दुसऱ्या देशांत गेला, तेथें विमानांत बसला, आणि तें विमान तिसऱ्या देशास निघालें, तरी परवाना लंडनचाच लागतो.

हा नियम किती दूरवर पोंचतो याचा प्रत्यय पुढील बारा वर्षांत आला. अर्जेंटिनाच्या हवाई दलाचीं मिराज विमानें पार झिजून २०१५ च्या नोव्हेंबरांत निवृत्त झालीं. तीं गेल्यावर ध्वनीपेक्षां अधिक गतीनें उडणारें एकहि लढाऊ विमान त्या देशापाशीं उरलें नाहीं. राहिलीं तीं सुधारलेलीं स्कायहॉक विमानें. त्यांच्याहि मूळ सांगाड्यांचें वय पुष्कळ झालेलें. २०२० च्या ऑगस्टांत त्यांपैकीं एक कॉर्डोबा प्रांतांत कोसळलें व त्याचा तरुण वैमानिक मरण पावला. क्षेत्रफळानें जगांत आठवा असलेला देश. त्याच्या आकाशाचा पहारा अशा मूठभर विमानांवर येऊन ठेपला होता.

नवीं विमानें शोधण्याचे प्रयत्न मिराज जाण्यापूर्वींपासूनच चालू होते. स्पेनकडील वापरलेलीं मिराज एफ-१, इस्राएलचीं कफिर, यांची बोलणीं झालीं व थांबलीं. सारा दोष इंग्लंडच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. २०१४ सालीं अर्जेंटिनाचे कर्जाचे हप्ते चुकले, २०२० सालीं पुन्हां तेंच झालें; ज्याची तिजोरी अशी, त्याच्याशीं उधारीचा सौदा करावयास कोणी सहजासहजीं पुढें येत नाहीं. परंतु जेव्हां जेव्हां सौदा पैशाच्या अडचणींतून वाट काढी, तेव्हां तेव्हां पुढच्या वळणावर ब्रिटिश भाग उभा असे.

२०१४ च्या ऑक्टोबरांत शेजारच्या ब्राझीलनें स्वीडनच्या साब कंपनीशीं छत्तीस ग्रिपेन विमानांचा करार केला. त्यांतील कांहीं विमानें ब्राझीलमध्येंच बांधावयाचीं होतीं. अर्जेंटिनाला वाटलें, शेजाऱ्याच्या हातून आपल्यालाहि चोवीस मिळतील. तसा मनोदय त्याच्या संरक्षणमंत्र्यानें जाहीरहि केला. स्वीडन हा तटस्थतेबद्दल नांवाजलेला देश, ब्राझील हा मित्र. यांत इंग्लंडचा संबंध कोठें आला? तो आला विमानाच्या नाकाशीं आणि पोटाशीं. नाकांतील रडार स्कॉटलंडांत एडिंबरो येथें बनत होतें, आणि वैमानिकाचें आसन डेनहॅमला. लंडनहून नकार येतांच तो बेत बारगळला.

त्यानंतर दक्षिण कोरियाची पाळी आली. तेथील एफए-५० हें लहान, बेताच्या खर्चाचें विमान अर्जेंटिनाच्या हवाई दलाला पसंत पडलें होतें. कोरियाला विकण्याची उत्सुकता, अर्जेंटिनाला घेण्याची निकड. २०२० च्या ऑक्टोबरांत विमान बांधणाऱ्या कोरियन कंपनीनें सोल येथील अर्जेंटिनाच्या राजदूताला पत्र लिहून कळविलें कीं, या विमानाचे सहा महत्त्वाचे भाग ब्रिटनमधून येतात, त्यांना परवाना मिळत नाहीं, व कंपनीच्या प्रयत्नांना अद्याप यश आलेलें नाहीं; सबब खेद वाटतो. पत्राची भाषा अत्यंत सौजन्याची होती. ग्राहक समोर, माल तयार, आणि दुकानदार हात जोडून सांगतो कीं दुकान माझें असलें तरी कुलपाची किल्ली माझ्यापाशीं नाहीं!

येथें विक्रेत्याची बाजूहि पाहिली पाहिजे. कोरियानें वा स्वीडननें इंग्लंडमधून आसन घेतलें तें आळसानें नव्हे. तें उत्तम होतें, आणि स्वतः बनविण्यापेक्षां स्वस्त पडत होतें, म्हणून. एक लढाऊ विमान म्हणजे सहस्रावधि भागांची जुळणी. ते सर्व एकाच देशानें निर्माण करावयाचे म्हटलें तर खर्चानें कंबरडें मोडेल. म्हणून एंजिन अमेरिकेचें, रडार इंग्लंडचें, अस्त्र आणखी कोणाचें, असें करीत विमान उभें राहतें. आणि प्रत्येक भागाबरोबर त्या त्या देशाचा नकाराधिकारहि विमानांत चढून बसतो. त्याचें वजन कोणत्याहि कोष्टकांत दाखविलेलें नसतें.

चीन व पाकिस्तान यांनीं मिळून बनविलेल्या जेएफ-१७ या विमानाचाहि अर्जेंटिनांत विचार झाला. २०२१ च्या सप्टेंबरांत तेथील सरकारनें पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांत विमानखरेदीसाठीं ६६४ दशलक्ष डॉलरची तरतूद सुचविली, तेव्हां वृत्तपत्रांनीं सौदा झालाच असें छापलें. सरकारनें मात्र निवड झालेली नाहीं असा खुलासा केला. गंमत अशी कीं, या चिनी-पाकिस्तानी विमानांतील आसन देखील मार्टिन-बेकरचेंच होतें. तें काढून चिनी आसन बसवितां येईल, असा त्यावर तोडगा सुचविण्यांत आला.

भारताचें तेजस विमानहि या स्पर्धेंत होतें. २०२३ च्या जुलैंत अर्जेंटिनाचे संरक्षणमंत्री होर्हे ताइआना यांनीं बंगळूर येथील हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यास भेट दिली. परंतु तेजसचें आसन मार्टिन-बेकरचें आणि एंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें. ब्रिटिश भाग बदलून विमान देण्याची गोष्ट निघाली, आणि गोष्टीपुरतीच राहिली.

भारताला हा अनुभव नवा नव्हता. पूर्वीं तो ग्राहकाच्या बाजूनें आलेला होता. शत्रूच्या प्रदेशांत खोलवर जाऊन मारा करणारें विमान घ्यावयाचें, असें भारतानें १९७० नंतरच्या दशकांत ठरविलें, तेव्हां तीन विमानें विचारांत होतीं: इंग्लंड व फ्रान्स यांचें जग्वार, फ्रान्सचें मिराज एफ-१ आणि स्वीडनचें विगेन. विगेनचें एंजिन स्वीडनच्याच कारखान्यांत तयार होई. परंतु त्याचा मूळ आराखडा अमेरिकन, आणि तोहि प्रवासी विमानाच्या एंजिनाचा. त्या काळीं मुंबई-दिल्ली उतारूंची ने-आण करणाऱ्या बोइंग ७३७ विमानांना याच कुळांतील एंजिनें होतीं. उतारूंसाठीं जें एंजिन भारताला खुशाल मिळत होतें, तेंच स्वीडिश लढाऊ विमानाच्या पोटांतून भारताला जाण्यास १९७८ सालीं अमेरिकेच्या कार्टर सरकारनें संमति नाकारली. विगेन बाद झालें, आणि त्याच वर्षीं मोरारजी देसाई यांच्या सरकारनें जग्वारची निवड केली. जग्वार हें चांगलेंच विमान ठरलें; परंतु तिघांतून निवडण्याचा प्रश्न दोघांवर आला तो दिल्लींत नव्हे, वॉशिंग्टनांत.

नकारच यावयास पाहिजे असेंहि नाहीं. नुसता विलंब पुरतो. २०२१ च्या फेब्रुवारींत भारतीय हवाई दलासाठीं सुधारलेल्या ८३ तेजस विमानांचा करार झाला व त्यांच्यासाठीं ९९ अमेरिकन एंजिनें मागविण्यांत आलीं. पहिलें एंजिन २०२५ च्या मार्चांत आलें, म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षां सुमारें दोन वर्षें उशिरां. कोणाचें वैर नव्हतें, बंदी नव्हती. एंजिन बनविणाऱ्यालाच त्याच्या पुरवठादारांकडून भाग वेळेवर मिळेनात. नाशिकजवळ ओझर येथें तेजसची नवी जुळणी-शाळा उभी राहिली, तेथें बांधलेल्या पहिल्या विमानानें २०२५ च्या १७ ऑक्टोबरला आकाशांत झेंप घेतली. त्यावेळीं जमलेल्या कारागिरांचा आनंद अगदीं योग्य होता. त्या विमानाचा बराचसा देह भारतीय कारागिरांच्या हातचा होता. त्याचें हृदय मात्र मॅसॅच्युसेट्समधून आलेलें होतें.

अर्जेंटिनाचा शोध अखेर डेन्मार्कमध्यें संपला. डेन्मार्क नवीं एफ-३५ विमानें घेत होता, म्हणून त्याचीं अमेरिकन बनावटीचीं एफ-१६ विमानें मोकळीं होत होतीं. हीं विमानें १९८० पासून डॅनिश सेवेंत दाखल होऊं लागलेलीं. पुढें त्यांची आंतून चांगलीच दुरुस्ती झालेली. एफ-१६ चें आसन अमेरिकन आहे. डेनहॅमशीं त्याचा संबंध नाहीं. परंतु अमेरिकन वस्तु तिसऱ्यास विकावयाची तर अमेरिकेची संमति पाहिजे. ती २०२३ सालीं मिळाली, आणि एवढ्यावर न थांबतां अमेरिकेनें ४० दशलक्ष डॉलरचें साहाय्यहि देऊं केलें. हें औदार्य एकाएकीं कोठून आलें, हा प्रश्न भोळा ठरेल. जेएफ-१७ ची तरतूद अंदाजपत्रकांत दिसल्यापासून चिनी लढाऊ विमान अर्जेंटिनांत येऊं नये अशी वॉशिंग्टनची इच्छा होती, आणि ती कोणी लपविलीहि नाहीं. ज्याला कोणी विकत नव्हतें त्याला चिनी ग्राहक होण्याच्या नुसत्या शक्यतेनें अमेरिकन दार उघडून मिळालें; अर्जेंटिनाच्या मुत्सद्द्यांनीं हें जाणून केलें असेल तर त्यांच्या चातुर्याला दाद दिली पाहिजे.

१६ एप्रिल २०२४ रोजीं डेन्मार्कमध्यें चोवीस विमानांच्या करारावर सह्या झाल्या. किंमत सुमारें तीनशें दशलक्ष डॉलर. विमानें घेतलीं म्हणजे काम झालें असें नाहीं. अस्त्रें, सुटे भाग, शिक्षण, हें सारें पुढें आलेंच. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारनें या सरंजामाच्या विक्रीस मंजुरी दिली, तींत दूरवर मारा करणारीं ३६ क्षेपणास्त्रें होतीं आणि एकंदर अंदाज होता ९४१ दशलक्ष डॉलरचा, म्हणजे विमानांच्या किंमतीच्या तिपटीहून अधिक.

२०२५ च्या डिसेंबरांत पहिलीं सहा विमानें अटलांटिक ओलांडून अर्जेंटिनाच्या आकाशांत आलीं व रिओ क्वार्तोच्या धांवपट्टीवर उतरलीं. मिराज गेल्यानंतर दहा वर्षांनीं त्या देशाला ध्वनीच्या पुढें धांवणारें विमान मिळालें. त्यांच्या आसनांतील काडतुसांनाहि मुदत आहे. तीं सरल्यावर नवीं अमेरिकेहून यावयाचीं आहेत.